न भागणारी तहान

तहान लागणें हा कांहीं रोग नव्हे. वैशाखाच्या उन्हांतून आलेला मनुष्य तांब्याभर पाणी घटाघटा पितो, किंवा खेळाचा तास संपतांच मुलांची माठाभोंवतीं गर्दी उडते, यांत कोणास नवल वाटत नाहीं. निजण्यापूर्वीं पुष्कळ पाणी प्यालें असतां रात्रीं एकदां उठावें लागतें, हेंही सर्वांच्या अनुभवाचें आहे. परंतु ऊन नाहीं, श्रम नाहींत, खारट-तिखट कांहीं खाल्लें नाहीं, आणि तरीही तोंडास सारखी कोरड पडते. पाणी पिऊन पोट भरतें पण तहान भागत नाहीं. रात्रींतून तीन-चार वेळां लघवीस उठावें लागतें. अशी स्थिति कांहीं दिवस चालू राहिली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणें धोक्याचें आहे. हीं दोन लक्षणें पुष्कळदां मधुमेहाचीं पहिलीं चिन्हें असतात. तीं कशीं उत्पन्न होतात व तीं दिसतांच काय करावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावें, या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

असा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर देतांना आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक शांत व अभ्यासू मुलगा होता. ऐन पावसाळ्यांत तो एकाएकीं दर तासास बाहेर जाण्याची परवानगी मागूं लागला; परत येतांना नळावर पाणी पिऊन येई. आम्हांस ती अभ्यासाची टाळाटाळ वाटली. एके दिवशीं आम्ही त्यास सर्व मुलांदेखत रागें भरलों व तास संपेपर्यंत बाकावरून उठूं दिलें नाहीं. त्याचे डोळे भरून आले, पण तो कांहीं बोलला नाहीं. पुढें आठवड्याभरानें कळलें कीं, ओकाऱ्या होऊन त्यास ग्लानि आली व इस्पितळांत न्यावें लागलें. तेथें रक्त तपासतांच मधुमेह निघाला. वेळेवर उपचार झाल्यामुळें तो वांचला. आम्ही त्यास भेटावयास गेलों, तेव्हां त्याच्या आईनें आम्हांस दोष दिला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "गुरुजी, एवढा मोठा मुलगा अंथरूण ओलें करूं लागला, म्हणून मीही त्याला मारलं हो." खूण शाळेंत दिसत होती, घरींही दिसत होती, ती वाचतां मात्र कोणासच आली नाहीं.

मधुमेह आपल्या देशास नवा नाहीं. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत त्याचें वर्णन आहे. रोग्याचें मूत्र मधासारखें गोड होतें म्हणून हें नांव; त्या मूत्रास मुंग्या लागतात, हेंही आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. परंतु ही गोडी साखरेची आहे, हें प्रयोगानें दाखविलें तें लिव्हरपूल येथील डॉक्टर मॅथ्यू डॉब्सन यांनीं. १७७६ सालीं त्यांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्याचें मूत्र आटवितां आटवितां मागें जो अवशेष राहिला, तो दिसण्यांत व चवींत साखरेसारखा होता.

आतां ही साखर मूत्रांत येते कशी तें पाहूं. भात, भाकरी, फळें वगैरे जें आपण खातों, त्यांतील पिठूळ व गोड भागाची पचनानंतर ग्लुकोज नांवाची साखर बनते व ती रक्तांत मिसळते. ही साखर म्हणजे शरीराचें सरपण होय. पण सरपण अंगणांत येऊन पडलें म्हणजे चूल पेटली असें होत नाहीं. तें घरांत न्यावें लागतें. जठराच्या मागें असलेलें स्वादुपिंड इन्सुलिन नांवाचा रस रक्तांत सोडतें, आणि त्या रसाच्या योगानें साखर स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत शिरते. हा रस नाहींसा झाला, किंवा तो असूनही पेशी त्यास दाद देईनाशा झाल्या, म्हणजे साखर रक्तांतच सांचूं लागते.

आपलीं दोन मूत्रपिंडें हें रक्त अहोरात्र गाळीत असतात. मोठ्या माणसाच्या शरीरांत दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव अशा रीतीनें गाळला जातो. त्यांतील बहुतेक सर्व पाणी व साखर मूत्रपिंडें परत रक्तांत ओढून घेतात, आणि दीड-दोन लिटर पाणी काय तें मूत्ररूपानें बाहेर पडतें. परंतु साखर परत घेण्याच्या या शक्तीस मर्यादा आहे. दर १०० मिलिलिटर रक्तांत साखरेचें प्रमाण सुमारें १८० मिलिग्रॅमांच्या वर गेलें, कीं जादा साखर मूत्रांत उतरूं लागते. ती एकटी उतरत नाहीं. आपल्याबरोबर पाणी घेऊन जाते. साखरआंब्यासाठीं कैरीच्या फोडींवर साखर पसरून ठेवली असतां थोड्या वेळांत फोडींना पाणी सुटतें, हें आपण घरोघरीं पाहतों. पाणी ओढून घेण्याचा साखरेचा जो गुण त्या पातेल्यांत दिसतो, तोच येथेंही दिसतो. निरोगी माणसाचें मूत्र रात्रीं कमी तयार होतें, म्हणून त्यास सलग झोंप मिळते. पण मूत्रांत उतरलेली साखर दिवस व रात्र ओळखीत नाहीं. पाणी वाहतच राहतें, रोग्यास पुनः पुनः उठावें लागतें, आणि लहान मूल गाढ झोंपेंत असेल तर अंथरूण भिजतें.

याप्रमाणें शरीरांतील पाणी आटूं लागलें, म्हणजे मेंदू तहानेच्या रूपानें पाणी मागूं लागतो. यावरून एक उलटा समज दूर व्हावा. "हा पाणी फार पितो, म्हणून सारखा जातो," असें घरोघरीं म्हणतात व मुलाच्या हातचा पेला काढून घेतात. वस्तुस्थिति याच्या नेमकी उलट आहे. तो सारखा जातो, म्हणून त्यास फार पाणी लागतें. अशा मुलाचें पाणी तोडणें म्हणजे गळक्या हौदाचें भोंक न बुजवितां वरचा नळ बंद करणें होय. दुसरी चूक याहून गोड, पण तितकीच घातक आहे. मूल थकलें, सुकलें, सारखें पाणी मागतें, असें पाहून आई प्रेमानें त्यास सरबत, उसाचा रस किंवा ग्लुकोजची भुकटी घातलेलें पाणी देते. रक्तांत साखर आधींच तुंबलेली असतां हीं पेयें ती अधिकच वाढवितात. अशा वेळीं साधें पाणी मागेल तितकें द्यावें, आणि दवाखान्याची वाट धरावी.

दारांत सरपणाचा ढीग असून घरांत चूल थंड, अशी या रोग्याची दशा असते. म्हणून तो नेहमींप्रमाणें, किंबहुना अधिक जेवूनही वाळत जातो. मुलांच्या बाबतींत चार खुणा ध्यानांत ठेवाव्या: सारखी तहान, वारंवार लघवी, विनाकारण थकवा आणि वजनांत घट. पूर्वीं कोरड्या अंथरुणांत निजणारें मूल पुनः अंथरूण ओलें करूं लागलें, तर ती फार महत्त्वाची खूण समजावी. साखर वापरतां येत नाहीं असें झालें, म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळूं लागतें, आणि तिच्यापासून निघणारीं आम्लें रक्तांत सांचतात. मग पोट दुखतें, ओकाऱ्या होतात, श्वास खोल व जलद चालतो, तोंडास पिकल्या फळासारखा वास येतो, आणि शेवटीं शुद्ध हरपते. आरंभीं हा प्रकार अपचनासारखा भासतो. परंतु ओकाऱ्यांनीं सुकलेल्या मुलास लघवी कमी व्हावयास पाहिजे. जीभ कोरडी असूनही ती भरपूर होत असेल, तर मधुमेहाची शंका घ्यावी व एक तासही न दवडतां मुलास इस्पितळांत न्यावें.

या खुणा लोकांस माहीत असल्यानें किती फरक पडतो, याचें एक उदाहरण इटलींतील पार्मा प्रांताचें आहे. तेथें १९९१ सालापासून शाळाशाळांतून एक साधें भित्तिपत्रक लावण्यांत आलें, व तहान, लघवी आणि ओलें अंथरूण यांविषयीं शिक्षकांस व पालकांस सांगण्यांत आलें. त्यापूर्वींच्या चार वर्षांत, नव्यानें मधुमेह झालेल्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ७८ मुलें वर सांगितलेल्या आम्लविकाराच्या अवस्थेस पोंचल्यावर इस्पितळांत येत. १९९१ ते १९९७ या काळांत हें प्रमाण शेंकडा साडेबारापर्यंत उतरलें. औषध तेंच होतें. बदल झाला तो एवढाच कीं, खूण वेळेवर ओळखली गेली.

मुलांस बहुधा जो मधुमेह होतो, त्यांत शरीराची संरक्षक शक्तिच चुकून स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. तो गोड खाण्यानें होत नाहीं, संसर्गानें होत नाहीं, व त्यांत आईबापांचा कांहीं दोष नसतो. प्रौढांचा मधुमेह पुष्कळसा निराळा. त्यांत इन्सुलिन असतें पण पुरें पडत नाहीं. आनुवंशिक कल, पोटाचा वाढलेला घेर व बैठें जीवन हीं त्याचीं मुख्य कारणें होत. तो इतक्या हळू येतो कीं, कित्येकांस वर्षेंच्या वर्षें कांहींच जाणवत नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत भारतांत मधुमेही माणसांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज निघाला. म्हणून घरांत कोणास हा रोग असेल, तर लक्षणांची वाट न पाहतां मोठ्या माणसांनीं वर्षांतून एकदां रक्त तपासून घ्यावें. जखम लवकर न भरणें, वारंवार गळवें होणें, दृष्टि अंधुक होणें, याही सूचना समजाव्या.

रात्रीं उठावें लागणाऱ्या प्रत्येकास मधुमेहच असतो, असें मात्र नाहीं. उतारवयांतील पुरुषांस अष्ठीला ग्रंथि वाढल्यानें, कोणास मूत्रमार्गाच्या दाहानें, कोणास रक्तदाबाच्या गोळ्यांनीं, तर कोणास सायंकाळच्या चहानेंही उठावें लागतें. यांतील खरें कारण कोणतें, हें तर्कानें ठरवूं नये, तपासून ठरवावें. ही तपासणी आतां फार सोपी झाली आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत बेनेडिक्टचें निळें द्रावण साखरेबरोबर तापवून तें हिरवें, पिवळें व अखेर विटकरी होतांना पाहिलें असेल. पूर्वीं डॉक्टर मूत्राची परीक्षा याच रीतीनें करीत. आतां बोटाच्या टोंकांतून रक्ताचा एक थेंब घेतला, कीं लहानशा यंत्रावर क्षणांत आंकडा दिसतो. उपाशी पोटीं १२६ किंवा अधिक, अथवा वरील लक्षणें असतां कोणत्याही वेळीं २०० किंवा अधिक, असा आंकडा प्रयोगशाळेंतील तपासणींत आला तर मधुमेह समजतात. मोठ्या माणसानें याकरितां दोन दिवसांत डॉक्टरांकडे गेलें तरी चालेल. लक्षणें असलेल्या मुलास मात्र त्याच दिवशीं न्यावें.

रोग निघाला म्हणून धीर सोडण्याचें कारण नाहीं. १९२२ पूर्वीं अशीं मुलें थोड्याच महिन्यांत अथवा एक-दोन वर्षांत दगावत. कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं १९२१ सालीं स्वादुपिंडांतून इन्सुलिन मिळविलें, आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड टॉम्सन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तें टोंचलें. पहिल्या खेपेस गुण आला नाहीं. जेम्स कॉलिप यांनीं तें अधिक शुद्ध केल्यावर त्याच महिन्यांत मुलाच्या रक्तांतील साखर उतरली, आणि तो पुढें तेरा वर्षें जगला. आज इन्सुलिन घेणारीं मुलें शिकतात, खेळतात व पूर्ण आयुष्य जगतात. परंतु तें रोज घ्यावें लागतें. कोणी जडीबुटीवाला "टोंचणें बंद करा, मुळापासून बरें करतों" असें म्हणेल, तर त्याच्या बोलण्यास भुलूं नये. मुलाचें इन्सुलिन बंद करणें म्हणजे कांहीं दिवसांत त्याचा प्राण गमावणें होय.

बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. तोच दिवस जागतिक मधुमेहदिन म्हणून पाळला जातो, आणि आपल्याकडे बालदिन म्हणूनही. हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. विद्यार्थ्यांनो, तुमचा एखादा सोबती सारखें पाणी पीत असेल, वाळत चालला असेल, तर त्याची थट्टा करूं नका. ती गोष्ट शिक्षकांच्या कानीं घाला. स्वतःस तसें होत असेल, तर लाज न धरतां घरीं सांगा. आईबापहो, ओल्या अंथरुणाबद्दल मुलावर हात उगारण्यापूर्वीं एक थेंब रक्त तपासून घ्या. आणि आम्हां शिक्षकांविषयीं म्हणाल, तर त्या दिवसापासून आमच्या वर्गांत बाहेर जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलास आम्हीं कधीं अडविलें नाहीं. पण तो वारंवार मागूं लागला, तर आम्ही त्यास जवळ बोलावून हळूच विचारतों, "बाळ, रात्रीं किती वेळां उठतोस?"