संवादचौकटीतील तिसरे उत्तर

लिहिलेला मजकूर जतन न करताच वापरकर्ता प्रोग्राम बंद करू लागला, की संगणक त्याला विचारतो : ‘बदल जतन करावयाचे काय?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणे. वरवर पाहता उत्तरेही दोनच. परंतु चौकटीच्या कोपऱ्यात फुलीचे चिन्ह असते, आणि पुष्कळांचा हात आधी तिकडेच जातो. त्या फुलीचा अर्थ काय लावावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मायक्रोसॉफ्टने २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्कबरोबर आणलेल्या विंडोज फॉर्म्सचे उदाहरण घेऊ. तीत मेसेजबॉक्स नावाची तयार चौकट आहे. तिच्यात केवळ होय-नाही ही जोडी मागितली, तर फुली निष्क्रिय होते आणि एस्केपची कळही चालत नाही. उत्तर दिल्यावाचून सुटका नाही. मात्र या चौकटीच्या बटणांवरील शब्द आपल्याला निवडता येत नाहीत. ‘होय’ऐवजी ‘जतन करा’ असे निःसंदिग्ध क्रियापद हवे असल्यास (आणि ते असावे, असे आमचे मत आहे) स्वतःची चौकट रचणे भाग पडते.

घोटाळ्याचा उगम नेमका येथे आहे. स्वतः रचलेल्या चौकटीची फुली जिवंत असते. ती दाबताच शोडायलॉग ही क्रिया ‘येस’ (६) किंवा ‘नो’ (७) यांपैकी काहीही न देता ‘कॅन्सल’ (२) हे मूल्य परत करते. तयार चौकटीसाठी लिहिलेली ‘होय नसेल तर नाही समजावे’ ही अट जर तशीच राहून गेली असेल, तर क्षणभर विचार करावा म्हणून मागे फिरलेल्या माणसाचे दिवसभराचे लेखन नष्ट होते. त्याने ‘नाही’ म्हटलेलेच नसते. त्याने केवळ प्रश्न परत केलेला असतो. म्हणून तिन्ही मूल्ये पृथक् तपासावीत, आणि ‘कॅन्सल’ आल्यास मूळ खिडकीच्या फॉर्मक्लोजिंग या घटनेत बंद होणेच रद्द करावे.

तद्वतच ‘परत जा’ असे तिसरे बटण उघडपणे ठेवून तेच चौकटीचे कॅन्सलबटन म्हणून नेमावे. तसे केल्याशिवाय स्वरचित चौकटीत एस्केपला काहीच अर्थ नसतो.

बटणाच्या डायलॉगरिझल्ट या गुणधर्माला मूल्य दिले, की ते दाबताच चौकट आपोआप मिटते. परंतु भरलेली माहिती सदोष असेल तर? बटणाच्या क्लिक-घटनेत चौकटीचा डायलॉगरिझल्ट ‘नन’ करावा. चौकट उघडी राहते आणि वापरकर्त्याला चूक सुधारता येते.

मिटलेली चौकट नष्ट झालेली नसते, केवळ दृष्टिआड झालेली असते. त्यामुळेच तिच्यात भरलेला मजकूर नंतरही वाचता येतो. वाचून झाल्यावर डिस्पोज करून तिची विल्हेवाट लावणे मात्र तिला बोलावणाऱ्याकडेच राहते.