डुकरांचे त्वचारोग : तीर्थपुरी परिसराच्या संदर्भात निदान व उपचार

डुकराच्या कातडीवर खपल्या धरल्या, केस गळाले किंवा तांबडे चट्टे उठले, म्हणजे त्यास खरूज झाली असे मानण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. पुष्कळदा हे अनुमान बरोबरही ठरते, कारण खरूज हा डुकरांमध्ये विपुलतेने आढळणारा त्वचारोग होय. परंतु ज्या वेळी ते चुकते, त्या वेळी होणारी हानी कातडीपुरती मर्यादित राहत नाही. सांसर्गिक ज्वराचा जांभळा डाग खरूज समजून त्यावर तेल चोळले जात असता थोड्याच दिवसांत सबंध कळप हातचा जातो. उलटपक्षी, आहारातील उणिवेमुळे आलेल्या खपल्यांवर कीटकनाशके कितीही फवारली तरी त्या हटत नाहीत. म्हणून औषधाचा विचार करण्यापूर्वी जनावरास ज्वर आहे काय आणि खाज आहे काय, हे दोन प्रश्न पृथक्पणे सोडविणे अगत्याचे ठरते.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील गाव गोदावरीच्या उत्तरेस काळ्या जमिनीच्या प्रदेशात आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते; पावसाळ्यात हीच जमीन चिखलाने भरते. मराठवाड्यात डुकरे सामान्यतः दोन तऱ्हांनी पाळली जातात. काळी, राठ केसांची गावठी डुकरे मोकळी सोडण्याची पद्धत जुनी असून, कैकाडी व वडार समाजांतील काही कुटुंबांकडे हा व्यवसाय परंपरेने चालत आलेला आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे यॉर्कशायर या पांढऱ्या विलायती जातीची किंवा तिच्या संकराची डुकरे गोठ्यात बांधून वाढविण्याची. २०१९ च्या पशुगणनेत भारतातील डुकरांची संख्या सुमारे ९०.६ लाख भरली; २०१२ च्या मानाने ती सुमारे १२ टक्क्यांनी घटलेली होती. देशाच्या हिशेबात हा आकडा लहान वाटेल. परंतु ज्या कुटुंबाचे सारे भांडवल चार-पाच डुकरिणींत गुंतलेले असते, त्यास एका चुकीच्या निदानाची किंमत फार मोठी पडते.

निदानास प्रारंभ तापमापकाने करावा. निरोगी डुकराचे गुदद्वारातील तापमान साधारणपणे १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. डुकरास घाम जवळजवळ येत नसल्यामुळे वैशाखातील दुपारी निरोगी जनावराचेही तापमान वाढलेले आढळते. म्हणून मोजणी सूर्योदयापूर्वी करणे इष्ट. सकाळच्या गारव्यातही पारा १०४ च्या वर असेल, जनावर कुंडीकडे येत नसेल व एकमेकांवर पडून राहत असेल, तर कातडीवरील चिन्ह हे अंतर्गत रोगाचे चिन्ह आहे असेच समजून चालावे.

अशा ज्वरयुक्त रोगांपैकी एरिसिपेलास हा उपचारास उत्तम दाद देणारा आहे. यात पाठीवर व बरगड्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराचे, किंचित उंचावलेले, कडा स्पष्ट असलेले चट्टे उठतात. पांढऱ्या डुकरावर ते प्रथम गुलाबी व नंतर जांभळट दिसतात. काळ्या गावठी डुकरावर मात्र रंगाचा काहीच बोध होत नाही, आणि पाठ्यपुस्तकांतील बहुतेक चित्रे पांढऱ्या डुकरांची असल्यामुळे ही अडचण सहसा ध्यानात येत नाही. अशा जनावराच्या पाठीवरून केसांच्या उलट दिशेने तळहात फिरवावा. चट्टा दिसण्याआधी हातास लागतो. सकाळच्या तिरप्या उन्हात उंचावलेला भाग सावलीवरूनही ओळखता येतो. पशुवैद्याच्या हस्ते पेनिसिलीन वेळीच दिले गेल्यास एक-दोन दिवसांत ज्वर उतरतो. हा जंतू जखमेवाटे मनुष्याच्या बोटांतही शिरून दाहयुक्त सूज उत्पन्न करतो. सबब हातास चिरा असता अशा जनावरास किंवा त्याच्या मांसास स्पर्श करू नये.

दुसरा वर्ग याहून भयंकर होय. कानांची टोके, पोट, मांड्यांची आतली बाजू आणि शेपूट यांवर निश्चित आकार नसलेला तांबडा-जांभळा रंग पसरणे हे सामान्य वराहज्वराचे व तसेच आफ्रिकी वराहज्वराचे लक्षण आहे. केवळ कातडीकडे पाहून या दोहोंतील भेद सांगता येत नाही. त्यासाठी रक्ताची व अवयवांची प्रयोगशाळेत तपासणीच करावी लागते. सामान्य वराहज्वरावर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. आफ्रिकी वराहज्वर भारतात प्रथम २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. त्यावर कोणताही उपचार नाही. दोन्ही रोग मनुष्यास होत नाहीत, एवढाच काय तो दिलासा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधविषयक केंद्रीय अधिनियमानुसार अशा रोगाची वर्दी देणे हे पालकाचे कर्तव्य ठरते. आजारी जनावर घाईने बाजारात नेऊन विकण्याचा मोह अशा वेळी होतो. रोग गावोगाव नेण्याचा याहून जलद मार्ग नाही. हॉटेलांतील व मंगल कार्यालयांतील उष्टे न उकळता खाऊ घालणे हाही संसर्गाचा एक ज्ञात मार्ग आहे.

ज्वर नाही आणि खाज तीव्र आहे, असे ठरले म्हणजे खरजेचा विचार प्रथम करावा. सार्कोप्टिस नावाचा अष्टपाद सूक्ष्मजीव, ज्यास खरजेचा किडा म्हणतात, तो हिचे कारण होय. मनुष्याच्या खरजेतील असाच किडा इटलीतील बोनोमो या वैद्याने १६८७ मध्ये वर्णिला होता; एखाद्या रोगाचे कारण डोळ्यांस दाखविता येण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. किड्याची मादी सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असून ती कातडीच्या वरच्या थरात बोगदे पाडून ४० ते ५० अंडी घालते. अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात व दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालू लागते. पिलांना संसर्ग आईपासून होतो. कानाच्या आतील भागात करड्या, सहज सुटणाऱ्या खपल्या हे त्याचे पहिले चिन्ह. काही आठवड्यांनी कातडी किड्याविषयी अतिसंवेदनशील बनली, म्हणजे बरगड्यांवर व पोटावर बारीक तांबड्या पुळ्या उठतात, जनावर भिंतीला व खांबाला अंग घासते, मागच्या पायाने कान खाजविते आणि खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही. जुन्या डुकरिणींत व नरांत खाज पुष्कळशी शमते. मात्र कानांतील जाड खपल्यांत किड्यांची संख्या प्रचंड असते. कळपात रोग टिकून राहतो तो या शांत दिसणाऱ्या जुन्या जनावरांमुळे. पालक मात्र खाजविणाऱ्या पिलांवर औषध खर्च करतो आणि आईकडे दुर्लक्ष करतो.

निदान पक्के करण्यासाठी कानाच्या आतील खपली रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत बोथट चाकूने खरवडावी, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात किंचित ऊन करावी आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावी. एका तपासणीत किडा न सापडला म्हणून खरूज नाही असे मात्र सिद्ध होत नाही.

उपचारासाठी आयव्हरमेक्टिन हे औषध आज सर्वत्र वापरले जाते. जपानातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून निघालेल्या द्रव्यावरून ते तयार झाले, आणि या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल या शास्त्रज्ञांस २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डुकरातील मात्रा दर किलोग्रॅम वजनास ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ टक्का द्रावाचे दर ३३ किलोग्रॅमला १ मिलिलिटर, अशी असून ते कानामागील सैल कातडीखाली टोचतात. गुरांची मात्रा दर किलोग्रॅमला २०० मायक्रोग्रॅम आहे. तीच डुकरास दिल्यास औषध अपुरे पडते. वजन अंदाजाने धरण्यापेक्षा साध्या फितीने मोजणे बरे. पुढच्या पायांमागे छातीचा घेर व कानांच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये घ्यावी; घेराचा वर्ग, लांबी व ६९.३ यांचा गुणाकार केला असता वजन किलोग्रॅममध्ये मिळते. घेर ०.९० व लांबी ०.८५ मीटर असल्यास वजन सुमारे ४८ किलोग्रॅम भरते आणि औषध सुमारे १.४५ मिलिलिटर लागते.

एका टोचणीने काम भागत नाही, कारण अंड्यांवर या औषधाचा परिणाम होत नाही. मागाहून फुटलेले किडे मारण्यासाठी १४ दिवसांनी दुसरी मात्रा द्यावीच लागते. ती कळपातील प्रत्येक जनावरास एकाच दिवशी मिळाली पाहिजे. गाभण डुकरिणीस विण्यापूर्वी एक ते दोन आठवडे औषध दिल्यास पिले खरजेविना वाढतात, आणि खर्चाच्या दृष्टीने हा उपाय सर्वांत किफायतशीर दिसतो. फवारणीच करावयाची असल्यास अमिट्राझचा ०.०५ टक्के द्राव वापरतात. परंतु कानाच्या आत तो पोहोचला नाही तर सारे श्रम फुकट जातात. टोचणीनंतर बाटलीवर छापलेला वर्ज्य काळ संपेपर्यंत जनावर मांसासाठी विकता कामा नये.

जळके इंजिन-तेल अंगास चोळण्याचा उपाय खेड्यांतून अद्यापि आढळतो. तेलाच्या थराखाली काही किडे गुदमरत असतील. पण अशा तेलात शिसे आदि विषारी धातू असू शकतात, आणि उन्हाळ्यात त्याचा लेप अंगावर असताना कातडीतून उष्णता बाहेर पडण्यासही अडथळा होतो. करंजेलाची गोष्ट वेगळी. त्याने खपल्या मऊ पडतात व नंतरचे औषध आत पोहोचते. मात्र केवळ त्याच्या बळावर कळप खरजेपासून मुक्त होत नाही.

खपल्या आहेत पण ज्वरही नाही व खाजही विशेष नाही, असे चित्र दोन ते चार महिन्यांच्या बांधलेल्या पिलांत दिसल्यास दृष्टी गोठ्यावरून कुंडीकडे वळवावी. पोटाखाली व पायांवर दोन्ही बाजूंना सारख्याच जागी कोरड्या, भेगाळलेल्या, कवचासारख्या खपल्या हे जस्ताच्या उणिवेचे लक्षण आहे. डुकरांतील या विकाराचा जस्ताशी असलेला संबंध १९५५ मध्ये अमेरिकेतील टकर व सॅमन यांनी दाखवून दिला. ज्वारी, मका व सोयाबीन पेंड यांत जस्त असले तरी त्यांतील फायटिक अम्ल ते बांधून ठेवते. त्यातच हाडे बळकट व्हावीत म्हणून चुनखडी सढळपणे मिसळली की उरलेले जस्तही शोषले जात नाही. म्हणजे येथे रोगाचे मूळ पुष्कळदा पालकाच्या दक्षतेतच असते. अधिकची चुनखडी बंद करून दर क्विंटल खाद्यात सुमारे ४४ ग्रॅम झिंक सल्फेट नीट मिसळले असता दर किलोग्रॅम खाद्यास सुमारे १०० मिलिग्रॅम जस्त मिळते, आणि दोन-तीन आठवड्यांत कातडी सुधारू लागते. उसासाठी आणलेल्या खताच्या पोत्यातील झिंक सल्फेट यासाठी वापरू नये. त्यात शिसे व कॅडमियम यांचा अंश असण्याचा संभव असतो. पशुखाद्याच्या प्रतीचेच घ्यावे.

मोकळ्या चरणाऱ्या गावठी डुकरांत हा विकार क्वचितच दिसतो. तीच गोष्ट उन्हाने कातडी भाजण्याची. काळ्या रंगाचे व चिखलात लोळण्याचे संरक्षण गावठी डुकरास मिळते. पांढऱ्या यॉर्कशायरच्या पाठीवर व कानांमागे मात्र चैत्र-वैशाखात दुखरी लाली येऊन पुढे सालपटे निघतात. त्यावर औषध शोधण्यापेक्षा छपराची सावली वाढवावी व लोळण्यासाठी ओलसर जागा करावी.

उवा डोळ्यांना दिसतात, केसांवर लिखा दिसतात, आणि खरजेवरील टोचणीनेच त्यांचाही नायनाट होतो. एक ते सहा आठवड्यांच्या पिलांचे अंग तेलकट, काळपट व वासट झाले असेल तर तो जंतुजन्य दाह समजावा. पिलांच्या टोकदार दातांनी झालेल्या ओरखड्यांतून स्टॅफिलोकॉकस जातीचा जंतू आत शिरतो. वेळीच प्रतिजैविक न दिल्यास पिले शुष्क होऊन दगावतात.

गोठ्याच्या शुद्धीचा प्रश्न ऋतूशी निगडित आहे. खरजेचा किडा डुकराच्या अंगाबाहेर कोरड्या उन्हात फार दिवस तगत नाही; ओलसर, थंड जागी तो दोन-तीन आठवडेही जिवंत राहू शकतो. त्यामुळे टोचणीची मोहीम मृग नक्षत्रापूर्वी, गोठा रिकामा करून उन्हात तापविता येतो अशा दिवसांत, उरकणे तीर्थपुरीच्या हवामानास सोयीचे पडते. खपल्यांचे नमुने घट्ट बुचाच्या कोरड्या बाटलीत घालून, जनावराचे वय व रोगाचा प्रारंभ यांची नोंद जोडून, नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासणीस पाठविता येतात. १९७२ मध्ये स्थापन झालेले परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय हे या भागास जवळचे अध्यापन व संशोधनाचे केंद्र आहे. ज्वराचा संशय असल्यास मात्र नमुना स्वतः घेऊ नये व मेलेले डुक्कर उघडू नये. पशुवैद्य येईपर्यंत गोठ्यातून काहीही बाहेर जाऊ देऊ नये.