भिंतीवरचं गाव

*गिफ्ट द्यायचंय, पण खिसा रिकामा? नो टेन्शन! घरातले जुने फोटो बाहेर काढा. हजार रुपयांच्या आत झालेल्या एका झक्कास भेटीची ही गोष्ट... आणि कृतीसुद्धा!*

महिनाअखेर, आणि त्यातच आजीची पंचाहत्तरी! आम्हा पाच भावंडांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन दिवस नुसता वाजत होता. कुणी म्हणालं सोन्याची अंगठी, कुणी म्हणालं मसाज करणारी खुर्ची. ‘पैठणी घेऊ या’ म्हणणाऱ्याला तर सगळ्यांनीच धुतलं. हातमागाची अस्सल पैठणी म्हणजे कित्येक हजारांचं काम. शिवाय आजी राहते पैठणलाच, आणि मिळालेली प्रत्येक साडी कुणाच्या तरी लग्नात देऊन मोकळी होते! शेवटी बजेट ठरलं, माणशी दोनशे रुपये. ‘मग फोटोंची भिंत करू या का?’ असं मी विचारलं आणि सगळे एका सुरात हो म्हणाले. साहजिकच आहे, काम माझ्याच गळ्यात पडणार होतं ना!

आधी डबा उघडा

रविवारी सकाळी एसटी पकडली. संभाजीनगरहून पैठण जेमतेम पन्नास किलोमीटर. ‘लेख लिहायचाय, जुने फोटो दाखव,’ अशी थाप मारल्यावर आजीनं ट्रंकेतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. मुंजी, बारशी, नाथषष्ठीच्या गर्दीतले, ज्ञानेश्वर उद्यानात कारंज्यापुढे उभं राहून काढलेले... आणि अगदी तळाशी पोस्टकार्डाएवढा एक कृष्णधवल फोटो. दगडी ओटा, मागे कडुलिंब आणि ओळीनं सात माणसं.

ते आमचं जुनं गाव. आता ते जागेवर नाही. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. आपण जिथे फ्लेमिंगो बघायला जातो, जिथलं पाणी आपल्या शहराच्या नळांना येतं, त्या नाथसागराखाली कितीतरी गावं गेली. त्यातल्याच एका गावातून आजी-आजोबा पैठणला आले. २०१९ च्या दुष्काळात पाणी मृतसाठ्यात उतरलं, तेव्हा मामा तिकडे जाऊन आला होता. त्याला तो ओटा दिसला होता म्हणे.

गंमत म्हणजे फोटोतल्या सातपैकी चारच जण आईला ओळखू आले, मामाला पाच. कडेला उभी असलेली, पदर तोंडावर धरलेली बाई कोण, यावर तर दोघांचं चक्क भांडण झालं. आजीनं चष्मा पुसला आणि एका दमात साती नावं सांगून टाकली. ‘ही माझी धाकली जाऊ. कुनालाच वळखू आली न्हाई व्हय?’ मग फोटोत नसलेलंही बाहेर येऊ लागलं. ओट्यामागं घाट होता, डावीकडे पिठाची गिरणी होती. मी गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड करत राहिले. मनात म्हटलं, हे सगळं फक्त एकाच डोक्यात साठवलेलं आहे. आज आलो नसतो तर?

गोष्ट सांगणारी भिंत

फोटो लावायचे कसे, याची आयडिया पैठणच्याच नावानं मिळाली. चित्रकथी परंपरेतली काही जुनी चित्रं ‘पैठण शैली’ची म्हणून ओळखली जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आहेत. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग एकेका कागदावर रंगवायचा, आणि चित्रकथ्यानं ते कागद एकामागून एक दाखवत गोष्ट सांगायची. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ही कला आजही टिकून आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. मी तेच केलं. गोडगोड चेहरे निवडण्याऐवजी फोटो गोष्टीसारखे लावले. मध्यभागी गाव, आणि तिथून बाहेर जाणारी आमची माणसं.

आता कृती!

मूळ फोटो कधीही चिकटवू नका. स्कॅन करा. छोटा फोटो मोठा करायचा असेल तर ६०० डीपीआयवर. मोबाइलनंच काढायचा झाला तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकटच काढा. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप त्याचा दर्जा घालवतं. रंग उडालेले आणि नवे फोटो एकत्र लावायचे असतील तर सगळेच कृष्णधवल करा, मस्त मेळ बसतो.

तेरा छोटे प्रिंट आणि गावाचा एक आठ बाय बाराचा, सुताराकडून दोन बाय तीन फुटांचा प्लायचा तुकडा, रंग, दुहेरी टेप आणि हुक. एकूण खर्च साडेआठशे! आधी फोटोंच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे मांडून बघा, मगच चिकटवा. आजी दिवाणावर बसून बघणार, म्हणून बोर्ड नेहमीपेक्षा खाली लावला. ओल येऊ नये म्हणून मागे बाटलीची बुचं चिकटवून भिंतीपासून थोडं अंतर ठेवलं. थेट ऊन मात्र टाळा.

आणि हो, प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा. चिकटवायच्या आधी!

माझी फजिती? घरच्या इंकजेटवर काढलेल्या तेराव्या प्रिंटला मी पांढरा गम फासला आणि माझाच चेहरा निळा होऊन वाहून गेला. दुसरा प्रिंट काढायला वेळ नव्हता. कोपऱ्यात एक चौकोन रिकामाच राहिला.

पंचाहत्तरीच्या दिवशी औक्षण झाल्यावर बोर्डावरची चादर काढली. नातवंडांच्या फोटोंकडे आजीनं बघितलंसुद्धा नाही. ती थेट मधल्या फोटोपाशी गेली, जावेच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग रिकाम्या चौकोनाकडे बघून म्हणाली, ‘हितं काय लावायचं ऱ्हायलं?’

‘माझा फोटो होता, खराब झाला.’

‘ऱ्हाऊ दे तसंच. पानी उतरलं की वटा उघडा पडतो. तवा मला ने तिथं, अन् एक फोटू काढ.’

धरण भरावं म्हणून दर पावसाळ्यात आकड्यांवर डोळे लावून बसणारी मी शहरातली मुलगी. काय बोलावं, सुचलंच नाही. ‘नेते,’ एवढंच म्हटलं. तो चौकोन अजून रिकामा ठेवलाय.