नकाशा घरातूनच घेऊन निघा

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. सकाळी नऊच्या सुमारास फोन आला की फूफी अल्लाहला प्यारी झाली. जोहरच्या नमाजनंतर दफन होणार होते. अब्बांची ती एकुलती एक बहीण.

आम्ही कराडला राहतो. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण येते. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तेथून खाडीच्या अंगाने आत गेल्यावर फूफीचे गाव. ईदनंतर दरवर्षी फूफीच आमच्याकडे यायची, त्यामुळे आमचे तिकडे जाणे बारा वर्षांत झाले नव्हते. तरी काळजी वाटली नाही. धाकटा भाऊ गाडी चालवणार आणि रस्ता मोबाइल दाखवणार, असे म्हणून आम्ही निघालो.

घाटात पाऊस आणि धुके होते. नेटवर्क गेले, पण घाटात रस्ता एकच, म्हणून ते जाणवले नाही. खरी अडचण चिपळूण सोडून आतल्या रस्त्याला लागल्यावर आली. मोबाइलवर रस्ते दिसेनासे झाले. पांढऱ्या पडद्यावर आमचा निळा ठिपका तेवढा पुढे सरकत होता. दोन फाट्यांपैकी आम्ही चुकीचा धरला. फोन लागेना. अर्ध्या तासाने डोक्यावर इरले घेतलेले एक आजोबा भेटले. ते म्हणाले, “फाटा मागे राहिला तुमचा. साकवाच्या अलीकडे वळायचं होतं.”

आम्ही पोहोचलो तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. त्यांनी नमाजनंतर बराच वेळ वाट पाहिली होती, पण पाऊस वाढत होता. अब्बांनी कबरीवर तीन मुठी माती टाकली आणि दुआ केली. येताना घाट चढेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आभाळात एवढी यंत्रं सोडलीत म्हणता, आणि माझ्या बहिणीचं गाव सापडू नये?”

आम्ही शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो, पण त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधायला पुढचे काही दिवस गेले.

आभाळातल्या यंत्रांचे काम

उत्तर त्या निळ्या ठिपक्यातच होते. नेटवर्क नसतानाही ठिपका चालत होता, म्हणजे आभाळातली यंत्रे त्यांचे काम करत होती. नव्हता तो नकाशा.

आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की जीपीएसला इंटरनेट लागते. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि प्रत्येक उपग्रह आपली जागा व अचूक वेळ सतत सांगत असतो. समजा, गावातील तीन मशिदींतून अगदी एकाच क्षणी अजान सुरू झाली. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. कोणत्या मशिदीची अजान किती उशिरा ऐकू आली हे मोजले, तर आपण कोणत्या मशिदीपासून किती दूर उभे आहोत हे काढता येईल, आणि त्या मशिदी कोठे आहेत हे ठाऊक असेल तर आपली जागाही. उपग्रहांचेही असेच आहे. फक्त तेथे आवाजाऐवजी रेडिओ लहरी असतात आणि त्या सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात आपल्यापर्यंत येतात. जागा, उंची आणि घड्याळातील फरक असे सगळे काढायचे, तर किमान चार उपग्रह दिसावे लागतात. या सेवेला रिचार्ज लागत नाही.

मात्र उपग्रह फक्त ‘तुम्ही येथे आहात’ एवढेच सांगतो. येथे म्हणजे कोठे, पुढे फाटा आहे की साकव, हे नकाशाने सांगायचे. तो नकाशा मोबाइल चालता चालता इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने मागवत असतो. नेटवर्क गेले की ते तुकडे येणे थांबते. आम्ही हाच नकाशा घरी उतरवून घेतला असता, तर अब्बांना जनाजा मिळाला असता.

जुना लॅपटॉप कामाला आला

आमच्या घरी मुलीचा जुना लॅपटॉप पडून होता. बॅटरी संपल्यात जमा, पण यंत्र चालू. तिने सुचवले की यात पूर्ण नकाशा भरू आणि गाडीत ठेवू.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत स्मार्टफोन येण्याआधी अनेक कुटुंबे गाडीत लॅपटॉप घेऊनच लांबच्या प्रवासाला निघत. डीलॉर्म कंपनीचे ‘स्ट्रीट ॲटलस यूएसए’ आणि मायक्रोसॉफ्टचे ‘स्ट्रीट्स अँड ट्रिप्स’ ही सॉफ्टवेअर त्यासाठी प्रसिद्ध होती. सगळा नकाशा डिस्कवर मिळे आणि सोबत जीपीएसचा छोटा रिसीव्हरही घेता येई. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. त्यानंतर गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे नीट कळू लागले. पुढे मोबाइल आले आणि मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या अखेरीस ते सॉफ्टवेअर बंद केले.

आम्हाला तीन वस्तू लागल्या. पहिली, यूएसबीला जोडायचा जीपीएस रिसीव्हर, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये तो नसतो. दुसरी, ‘नॅविट’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्यात भरायला ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा नकाशा. तिसरी, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून लॅपटॉपला वीज देणारा छोटा इन्व्हर्टर.

पहिल्या संध्याकाळी रिसीव्हर काहीच दाखवेना. आम्ही तो बिघडलेला समजून परत पाठवायला निघालो होतो. मग लक्षात आले की आम्ही स्लॅबखाली बसलो आहोत आणि उपग्रहाचा क्षीण संदेश स्लॅबमधून नीट येत नाही. गच्चीवर नेल्यावर काही मिनिटांत आमचे घर पडद्यावर आले. अब्बांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, “हा आपलाच बोळ.”

पुन्हा त्याच वाटेने

दोन महिन्यांनी आम्ही फूफीच्या मुलांना भेटायला निघालो. रिसीव्हर पुढच्या काचेखाली ठेवला. लॅपटॉप मागच्या सीटवर मुलीच्या मांडीवर, शेजारी अब्बा. भावाने पडद्याकडे पाहायचे नाही आणि मुलीने वळणे तोंडाने सांगायची, असे ठरले.

गैरसोयी होत्याच. उन्हात पडदा दिसेना, म्हणून तिने डोक्यावरून ओढणी घेऊन त्याखाली लॅपटॉप धरला. खड्ड्यात यूएसबीची वायर एकदा निसटली. एका वळणावर यंत्राने उशिरा सांगितले. पण घाटात नेटवर्क गेल्यावरही रस्ते पडद्यावर होते. चिपळूणनंतर तो फाटा अर्धा किलोमीटर आधीच दिसला. अब्बांनी बोट ठेवले. “येथेच चुकलो होतो.”

शेवटचा दीड किलोमीटर मात्र नकाशात नव्हता. साकवानंतर रस्ताच संपत होता. गाव नव्हते, मशीद नव्हती, कब्रस्तान नव्हते. पुन्हा काच खाली करून विचारावे लागले.

तेथे आम्हाला उरलेले उत्तर मिळाले. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि तो स्वयंसेवक मिळून काढतात. ज्याला गाव ठाऊक आहे त्याने ते लिहिले नाही, तर ते नकाशात येत नाही. आमच्या लॅपटॉपने त्या दिवशी गाडी गेली ती वाट नोंदवून ठेवली होती. घरी आल्यावर मुलीने खाते उघडून तो रस्ता काढला. फूफीच्या मुलाला फोनवर विचारत साकव, मशीद, शाळा आणि कब्रस्तान आपापल्या जागी ठेवले. गावाचे नाव मराठीत लिहिले.

निघण्यापूर्वी एवढे करा

लॅपटॉप हवाच असे नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी घरच्या वाय-फायवर जाण्या-येण्याच्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवावा. गूगल मॅप्समध्ये ती सोय आहे, आणि ‘ऑरगॅनिक मॅप्स’सारखी ॲप तर पूर्णपणे उतरवलेल्या नकाशावरच चालतात. लॅपटॉपचा फायदा मोठ्या पडद्याचा. आदल्या रात्री सगळ्यांनी बसून पूर्ण वाट पाहता येते, म्हाताऱ्या माणसांनाही दिसते.

लॅपटॉप वापरणार असाल तर तो डॅशबोर्डवर कधीही ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की तो दगडासारखा अंगावर येतो, आणि एअरबॅग उघडली तर अधिकच. इंजिन बंद असताना इन्व्हर्टर चालू ठेवू नका, गाडीची बॅटरी उतरते. चालवणाऱ्याने पडद्याशी खेळू नये. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार चालकाला हातातले उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित न होता, वापरता येते. बरोबर कोणी असेल तर वाट त्याने सांगावी. जाण्याच्या गावातील दोघांचे फोन नंबर आणि मुख्य फाट्यांची नावे कागदावर लिहून घ्यावीत. आणि शंका आली की गाडी थांबवून विचारावे. आम्ही त्या दिवशी पहिल्याच फाट्यावर विचारले असते तरी वेळेवर पोहोचलो असतो, हे आम्ही स्वतःपासून लपवत नाही.

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांची गावे अशीच खाडीकाठी, डोंगरात किंवा आडवाटेला आहेत. घरातल्या मुला-मुलींना सांगून आपल्या गावची वाट एकदा नकाशात पाहा. नसेल तर लिहायला लावा. उद्या कोणाला तरी त्याच वाटेने घाईने यावे लागेल.

आमचा बदललेला नकाशा आला, तेव्हा अब्बांनी लॅपटॉप मागून घेतला. साकवापासून कब्रस्तानापर्यंत बोट फिरवले, गावाचे नाव मोठ्याने वाचले आणि फूफीसाठी दुआ केली.