साविनची रात्र : केल्टिक हिवाळी सण आणि 'प्राचीन' या शब्दाचा अर्थ

आजचा विषय केल्टिक लोकांचे हिवाळ्यातले सण. 'केल्टिक' म्हटलं की हल्ली एक ठरीव चित्र समोर येतं. पांढऱ्या झग्यातले ड्रुइड पुरोहित, उभे केलेले प्रचंड दगड, मधोमध पेटलेली आग आणि वर्षाचं आठ आऱ्यांचं चाक. या चित्रातलं काय किती जुनं आहे ते आपण पाहणार आहोत. पण माझा मुख्य प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एखादी रूढी आपण समजत होतो तेवढी जुनी निघाली नाही, तर ती खोटी ठरते का?

आधी साधनांबद्दल. केल्ट म्हणजे एक राष्ट्र नव्हे. ते भाषांचं एक कुटुंब आहे. आज त्यात आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श, ब्रेटन वगैरे भाषा येतात. प्राचीन काळी गॉल प्रांतातली, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधली भाषाही त्यात होती. या लोकांनी आपल्या धर्माविषयी स्वतः ग्रंथ लिहून ठेवले नाहीत. लिहिलं ते एक तर ग्रीक-रोमन परक्यांनी, आणि नंतर कित्येक शतकांनी आयर्लंड-वेल्समधल्या ख्रिस्ती मठांतल्या लेखकांनी. तेव्हा 'केल्ट लोक असं मानत' असं वाक्य दिसलं की लगेच विचारायचं, कोण सांगतंय आणि कधी?

ज्युलियस सीझर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात गॉल लोकांविषयी एक मोलाची गोष्ट नोंदवतो. हे लोक स्वतःला पाताळातल्या देवाचे वंशज मानतात, म्हणून काळ दिवसांनी न मोजता रात्रींनी मोजतात, आणि जन्मदिवस, महिना, वर्ष यांची सुरुवात अशी धरतात की आधी रात्र, मग दिवस. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. तिथे नवा दिवस अंधार पडला की सुरू. भाषेत याची खूण अजून आहे. वेल्शमध्ये आठवड्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'आठ रात्री', आणि पंधरवड्याला 'पंधरा रात्री'.

दुसरं साधन म्हणजे फ्रान्समधल्या कोलिन्यी या गावी १८९७ मध्ये सापडलेलं काशाचं पंचांग. तुकडे तुकडे झालेलं, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, पाच वर्षांचं. त्यात बासष्ट महिने आहेत, कारण दोन महिने जादा घातलेत. युरोपातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगावं लागतं. तुम्हाला 'अधिक महिना' म्हटलं की पुरे. प्रत्येक महिन्याचे दोन भागही आहेत. त्यातल्या 'सामोनिओस' नावाच्या महिन्यात 'तीन रात्री' अशा अर्थाची एक नोंद आहे. आयर्लंडचा 'साविन' सण तो हाच, असं पुष्कळ पुस्तकांत ठोकून दिलेलं असतं. पण 'साम' या धातूचा संबंध उन्हाळ्याशी आहे, आणि हा महिना हिवाळ्याच्या तोंडाचा की उन्हाळ्याचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

आता साविनकडे येऊ. रोमन लिपीतलं स्पेलिंग वाचून 'सामहेन' म्हणू नका, उच्चार 'साविन'च्या जवळचा आहे. आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्याचंही हेच नाव. हा सण १ नोव्हेंबरचा. पण रात्र आधी, म्हणून सुरुवात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी. मध्ययुगीन आयरिश कथांत वर्षाचे चार सांधे सांगितलेत. नोव्हेंबरच्या आरंभी साविन, फेब्रुवारीच्या आरंभी इम्बोल्क, मेच्या आरंभी बेल्टेन आणि ऑगस्टच्या आरंभी पिकांचा सण. यांत सूर्याच्या अयनाचा किंवा संपाताचा दिवस एकही नाही! हे चारही दिवस गुराख्याच्या आणि शेतकऱ्याच्या वर्षाचे आहेत. नोव्हेंबरात डोंगरकुरणांवरून गुरं खाली आणायची. वैरण किती आहे ते पाहायचं. जेवढी जनावरं हिवाळाभर पोसता येतील तेवढी ठेवायची, बाकीची मारून मांस खारवायचं. कोण राहणार आणि कोण जाणार याचा हिशेब गोठ्यात चाललेला असताना माणसाला आपल्या मेलेल्यांची आठवण होणं, यात मला गूढ असं काही वाटत नाही.

या रात्रीची सर्वांत चांगली कथा नेराची आहे. ती सविस्तर सांगतो, कारण प्रतीकांवरची डझनभर पुस्तकं वाचून जे कळत नाही ते हिच्यात आहे. पश्चिम आयर्लंडमधल्या क्रूआखनच्या गढीत राजा आलिल आणि राणी मेव्ह साविनच्या रात्री बसलेत, कढईत अन्न शिजतंय. आदल्या दिवशी दोन कैद्यांना फाशी दिलेलं आहे. राजा पैज लावतो. बाहेर जाऊन फासावरच्या प्रेताच्या पायात वळलेल्या डहाळीचं कडं जो अडकवेल त्याला बक्षीस. एकेक वीर बाहेर जातो आणि तसाच परत येतो. काळोखच तसा. शेवटी नेरा जातो. प्रेत त्याला कडं कसं बसवायचं ते सांगतं, आणि म्हणतं, मला फाशी दिलं तेव्हा तहान लागली होती, पाणी पाज.

नेरा त्याला पाठुंगळी घेऊन निघतो. पहिल्या घराभोवती आगीचं कडं. तिथे प्रवेश नाही, कारण त्या घरात रात्री विस्तव नीट झाकून ठेवतात. दुसऱ्या घराभोवती पाण्याचं कडं. तिथेही नाही, कारण तिथे धुण्या-आंघोळीचं पाणी, खरकटं पाणी रात्री तसंच ठेवत नाहीत. तिसऱ्या घरात सगळं तसंच पडलेलं. प्रेत तिथलं पाणी पितं, शेवटची चूळ घरातल्या माणसांच्या अंगावर टाकतं आणि ती सगळी मरतात. बघा, परलोकातून आलेला मुडदा काय शिकवतो? झोपण्याआधी चूल झाका, सांडपाणी टाका! एवढ्या भयंकर गोष्टीत ही सासूबाईंची शिस्त कशी आली म्हणून हसू येतं. पण मला वाटतं, सणाचा आशय नेमका इथे आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी घराची हद्द नीट राखलेली आहे का, हा प्रश्न आहे.

पुढे नेरा परत येतो तर गढी जळालेली दिसते. शत्रूच्या मागोमाग तो गुहेतून 'शी'मध्ये, म्हणजे टेकडीखालच्या त्या दुसऱ्या जगात शिरतो, तिथे एका बाईबरोबर राहतो. ती सांगते, तू पाहिलंस ते अजून घडलेलं नाही. जाऊन सावध केलं नाहीस तर पुढच्या साविनला घडेल. तो परत जातो तेव्हा माणसं त्याच कढईभोवती बसलेली असतात, जेवणसुद्धा उतरवलेलं नसतं. इतके दिवस तू कुठे होतास याचा पुरावा काय? तर तो उन्हाळ्यातली वनस्पती घेऊन आलाय. रानलसूण, प्रिमरोज, सोनेरी नेचा. इकडे हिवाळा सुरू होतो त्या क्षणी तिकडे उन्हाळा आहे. ती गुहा आजही रॉसकॉमन परगण्यात दाखवतात.

वेल्समध्ये याच रात्री आगी पेटवत. उत्तर वेल्समधली रीत अशी की घरातल्या प्रत्येकाने एक पांढरा दगड खूण करून विस्तवात टाकायचा. सकाळी राखेत शोधायचा. ज्याचा दगड सापडला नाही तो वर्षाच्या आत मरणार. आग विझायला आली की पोरं घराकडे धावत सुटत, कारण मागे राहील त्याला शेपूट तुटलेली काळी डुकरीण धरेल. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत. अमेरिकेत गेल्यावर त्याचा भोपळा झाला. ते आपल्याला सिनेमातून माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

मग हे आठ आऱ्यांचं चाक आलं कुठून? १८८६ मध्ये जॉन ऱ्हीस या वेल्श विद्वानाने हिबर्ट व्याख्यानं दिली आणि साविन म्हणजे केल्टिक नववर्ष असा सिद्धान्त मांडला. आपला संबंध इथे येतो. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात तौलनिक पुराणकथांची चर्चा करताना ऱ्हीसच्या याच व्याख्यानांचा आधार घेतला आहे. म्हणजे पुण्यातल्या जिज्ञासू वाचकांपर्यंत हे केल्टिक वर्ष शंभरावर वर्षांपूर्वी पोचलं होतं. फ्रेझरने 'द गोल्डन बाऊ'मध्ये ही कल्पना उचलली आणि ती जगभर गेली. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९६ च्या 'द स्टेशन्स ऑफ द सन' या पुस्तकात सगळे पुरावे पुन्हा तपासले, आणि नववर्षाचा पाया फारच कच्चा निघाला. चर्चने साविन दडपण्यासाठी सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला आणला, हेही आपण सर्रास ऐकतो. पण इसवी सन ८०० च्या सुमाराच्या आयरिश संतपंजिकेत तो सण २० एप्रिलला आहे. नोव्हेंबरची तारीख आयर्लंडबाहेर रुळली.

डिसेंबरच्या अयनदिनाचंही तसंच. न्यूग्रेंजच्या थडग्यात उत्तरायणाच्या सुमाराला उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून एकोणीस मीटर आत शिरतो. मायकेल ओकेली या पुरातत्त्वज्ञाने २१ डिसेंबर १९६७ रोजी आत बसून तो पाहिला. अद्भुतच आहे ते. पण ती वास्तू इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराची आहे. केल्टिक भाषा बोलणाऱ्यांची ती मानायला बहुतेक अभ्यासक तयार नाहीत. आयरिशमध्ये डिसेंबरचं नावच 'नलिग', म्हणजे नाताळ. मिसल्टोचं, म्हणजे त्या बांडगुळाचं? ड्रुइड सोन्याच्या कोयत्याने ओकवरचं बांडगूळ कापतात असं प्लिनी लिहितो. पण दिवस सांगतो तो चंद्राचा सहावा. हिवाळ्याचं नाव नाही. 'यूल' हा शब्द जर्मानिक. आणि आठ सणांचं चाक इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात, नव्या पेगन मंडळींनी जुळवलेलं.

इथे दोन पक्ष भांडतात. एक म्हणतो, हा आमचा तीन हजार वर्षांचा धर्म. दुसरा म्हणतो, सत्तर वर्षांचा आहे, म्हणजे बनावट. गंमत अशी की दोघांचं गृहीतक एकच आहे. रूढीचं वजन तिच्या वयात आहे.

या गृहीतकावर विट्गेन्श्टाइनने बोट ठेवलं. १९३१ मध्ये त्याचा मित्र ड्रुरी त्याला फ्रेझरचा ग्रंथ वाचून दाखवत असे, आणि त्याने त्यावर टिपणं लिहिली. ती १९६७ मध्ये छापली गेली. स्कॉटलंडमधल्या बेल्टेनच्या आगीचं वर्णन त्यात आलं आहे. पोळीचे तुकडे करायचे, एक कोळशाने काळा करायचा, डोळे बांधून उचलायचे; काळा आला त्याने आगीवरून तीनदा उडी मारायची. फ्रेझर म्हणतो, हा नरबळीचा अवशेष. विट्गेन्श्टाइनचा मुद्दा थोडक्यात असा. हे ऐकून आपल्या पोटात जो गोळा येतो तो 'पूर्वी खरंच माणूस जाळत असत' या अनुमानामुळे येत नाही. ते अनुमान उद्या खोटं ठरलं तरी गोळा राहतो. भय त्या कृतीतच आहे, आणि माणसाविषयी आपल्याला जे माहीत आहे त्यात आहे.

मला हे बरंचसं पटतं. त्या वेल्श घरातला सहा वर्षांचा मुलगा सकाळी राख उकरतोय, आपला दगड शोधतोय. ती रीत हजार वर्षांची की दीडशे, याने त्याच्या बोटांच्या थरथरीत काही फरक पडत नाही. आयर्लंडमध्ये सर्व मृतांच्या रात्री दाराची कडी काढून ठेवत, चूल पेटती ठेवत, पाण्याचं भांडं ठेवत. हे सर्वस्वी ख्रिस्ती दिवशी. आणि आज लंडनच्या फ्लॅटमध्ये कोणी पेगन बाई साविनला आईचं ताट वाढून ठेवते, तेव्हा चाक १९५० चं आहे म्हणून तिचं ताट खोटं होत नाही.

पण विट्गेन्श्टाइनपुढे मी एक अडसर ठेवीन. इतिहास अप्रस्तुत आहे असं यातून निघत नाही. ती बाई ताट वाढते तोवर ठीक. 'ही भूमी मुळात आमची, हा सण आमच्या रक्तात आहे, तुम्ही उपरे' असं कोणी म्हणू लागला, तर तो वयाच्या जोरावर हक्क सांगतो आहे. मग वयाचा दाखला मागायलाच हवा. अर्थ कृतीत असतो. हक्काला कागद लागतो. या दोन गोष्टींची गल्लत करू नये एवढंच माझं म्हणणं.

शेवटी इम्बोल्क, १ फेब्रुवारी. हिवाळ्याचं दुसरं टोक. इसवी सन ९०० च्या सुमाराचा एक आयरिश कोश या नावाचा संबंध मेंढीच्या दुधाशी जोडतो. ती व्युत्पत्ती बरोबर असो-नसो, मेंढ्या विण्याचा काळ हाच. तोच कोश ब्रिजिट नावाची देवी सांगतो, काव्य, वैद्यक आणि लोहारकाम यांच्या तीन बहिणी. आणि याच दिवशी किल्डेअरच्या संत ब्रिजिटचाही सण. देवीची संत झाली का, यावर वाद आहे, चालू राहील. खेड्यांतल्या बायका आदल्या संध्याकाळी एक फडकं झुडपावर ठेवत, रात्री ब्रिजिट जाताना त्याला हात लावते म्हणून. वर्षभर ते डोकेदुखीला बांधायचं, गाय अडली तर तिच्या अंगावर घालायचं. लव्हाळ्याचे क्रूस विणून दारावर लावायचे.

बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सने किल्डेअरच्या अखंड अग्नीविषयी लिहिलं आहे. एकोणीस जोगिणी एकेक रात्र तो राखत. विसाव्या रात्री शेवटची लाकडं रचून ठेवायची आणि निघून जायचं, ती रात्र ब्रिजिटची. सकाळी लाकडं जळालेली असत आणि अग्नी जिवंत. तो पुढे विझला. १९९३ मध्ये तिथल्या ब्रिजिडाइन भगिनींनी पुन्हा लावला. २०२३ पासून आयर्लंडमध्ये या सणाची सरकारी सुट्टीही आहे, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. १ तारीख शुक्रवारी आली तर मात्र त्याच शुक्रवारी.

आता तुमचे प्रश्न घेऊ.