अळीची साक्ष

आर्द्राचा पाऊस दोन दिवस झडून गेला, तिसऱ्या दिवशी ढग पांगले आणि दमट ऊन पडले, की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात माणसे पहाटेच टोपल्या घेऊन रानाकडे निघतात. सागवानाच्या बनात, शेतांच्या बांधांवर, जुन्या वारुळांच्या अंगाखांद्यावर रात्रीतून पांढऱ्या छत्र्या उभ्या राहिलेल्या असतात. दिवस थोडा वर आला, की उटनूरच्या वाटेवर पळसाच्या पानांवर त्यांचे वाटे मांडून बसलेल्या बाया दिसू लागतात. हा बाजार काही दिवसांचाच असतो. त्यामुळे त्या दिवसांत ज्याच्या घरी अळंबीची भाजी शिजली नाही, त्याला पावसाळा नीटसा आल्यासारखे वाटत नाही.

आमचा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढे आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची भाकरी आणि भाषा बदलली नाही. या एका पदार्थाला मात्र आमच्याकडे नावे अनेक. घरात आम्ही अळंबी म्हणतो, नदीपलीकडे विदर्भात सात्या आणि टेकोडे ही नावे चालतात, तर बाजारात तेलुगू शेजारी ‘पुट्टगोडुगु’ म्हणतात. पुट्ट म्हणजे वारूळ आणि गोडुगु म्हणजे छत्री. आपण मराठी माणसांनी तिला कुत्र्याची छत्री म्हणून हिणवले. तेलुगू भाषेने तिचा पत्ताच तिच्या नावात लिहून ठेवला. त्या पत्त्याकडे मी एकदा दुर्लक्ष केले, त्याची ही हकिकत आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी अळंबीवरून दोन तट असत. आजी तिला शिवत नसे. मनुस्मृतीत लसूण आणि कांदा यांच्या पंक्तीत कवकेही द्विजांना अभक्ष्य ठरविली आहेत, हे तिने कोठे वाचले नव्हते. परंतु परंपरेने तिला ते ठाऊक होते. शिवाय तिचा प्रत्यक्ष पुरावा निराळाच असे. आई विळीवर देठ उभा चिरू लागली, की एखादी पांढुरकी, काळ्या डोक्याची बारीक अळी वळवळत बाहेर येई. “बघ, हे जीव आहेत. आणि चातुर्मासात हे खायचे?” असे म्हणून आजी देवघरात निघून जाई. यावर वडिलांचे ठरलेले उत्तर असे : “ज्याला किडा लागतो, त्यात विष नसते. किडा आपला वैरी नव्हे, साक्षीदार आहे.”

वडिलांचे हे वाक्य मला फार आवडे. त्यात तर्क होता आणि थोडे काव्यही होते. पुढे मी शिक्षक झालो, तेव्हा वर्गातही ते मुलांना सांगितले. एवढेच नव्हे, तर सुभाषितासारखे फळ्यावर लिहिले.

नोकरीस लागून चार-पाच वर्षे झाली असतील. आम्ही एका आडगावी राहत होतो. श्रावणातल्या एका सकाळी शाळेच्या पटांगणाच्या कडेला, गवतात, ताटलीएवढ्या रुंद पांढऱ्या छत्र्या वर्तुळात उगवलेल्या दिसल्या. मी धोतराच्या ओच्यात घालून त्या घरी आणल्या. सौ.चे माहेर बोथकडचे, रानाच्या कडेचे. तिने एक छत्री उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “याला मूळ कुठे आहे? हे वारुळावरचे नाही.” मी एक देठ मोडला. आत अळ्यांनी पोखरलेल्या बारीक वाटा होत्या. त्या तिला दाखवून मी म्हणालो, “ज्यांनी आधी खाल्ले, ते जिवंत आहेत. आणखी कसली परीक्षा हवी?” तिने पुन्हा एकदा नको म्हटले. मी एम. ए. झालेला, आणि ती सातवीपर्यंत शिकलेली. त्या दिवशी वाद मी जिंकला.

जेवून दोन तास झाले नाहीत, तोच पाच वर्षांच्या मुलीला ओकारी सुरू झाली. पाठोपाठ सौ.ला आणि मलाही. पोटात पिळवटून कळा येत होत्या, आणि मुलीचे डोळे खोल गेले होते. शेजाऱ्यांनी जीप मिळवून आम्हांला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविले. रात्रभर सलाइन चालू होते. पहाटे मुलीने पाणी मागितले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. दोन दिवसांनी घरी परतलो, तर कोपऱ्यात उरलेली एक छत्री तशीच पडली होती. तिच्या खालच्या पट्ट्या, ज्या आणताना पांढऱ्या होत्या, त्या आता हिरवट राखाडी झाल्या होत्या. सौ. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पुढे वाचनात आले, की त्या वर्णनाची छत्री क्लोरोफायलम मोलिब्डायटिस या नावाने ओळखली जाते. पावसानंतर गवतात, अनेकदा वर्तुळाने उगवते, आणि तिचे बीजाणू हिरवे असतात. ती पोटाचे हाल करते. पण बहुधा जीव घेत नाही. आमचे नशीब एवढेच, की आम्ही तिच्याहून वाईट जातीच्या वाटेला गेलो नव्हतो.

मग त्या अळीची साक्ष खोटी होती काय? नव्हती. मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

अळंबीतील अळ्या बहुधा बारीक माश्यांच्या असतात. चिलटांसारख्या दिसणाऱ्या या माश्या कोवळ्या छत्रीवर किंवा तिच्या बुडाशी अंडी घालतात. पावसाळी उबेत ती लवकर फुटतात. अळी बहुधा देठाच्या बुडातून वर पोखरत जाते आणि शेवटी टोपीत पोहोचते. वाढ पूर्ण झाली की मातीत उतरून कोश करते. म्हणजे देठात एखादे टाचणीएवढे भोक असेल, तर छत्री नुकतीच उमललेली आहे. देठाची चाळण होऊन टोपीही भुसभुशीत झाली असेल, तर ती शिळी आहे. अळी वय सांगते. जात सांगत नाही.

जात ती सांगू शकतच नाही, कारण तिची पचनशक्ती निराळी आणि आपली निराळी. अमानिटा कुळातील काही छत्र्यांत अमॅटॉक्सिन नावाचे विष असते. माणसाच्या यकृतातील पेशींचे प्रथिने घडविण्याचे कामच ते बंद पाडते. अळंबीवर वाढणाऱ्या काही फळमाश्यांच्या अळ्या मात्र हेच विष सहन करून वाढतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. ज्या अन्नावर त्यांच्या पिढ्या पोसल्या, त्याच अन्नाने आपले यकृत निकामी होते.

हे विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. लसूण काळी पडते काय, भात निळा होतो काय, चांदीचा रुपया डागाळतो काय, या परीक्षा तितक्याच निरर्थक आहेत. आणि या विषाची रीत फसवी असते. आमच्यासारखी दोन तासांत ओकारी होत नाही. साधारणपणे सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग जुलाब-ओकाऱ्या होतात, त्या थांबतात, रोग्याला बरे वाटू लागते, आणि याच काळात आत यकृत निकामी होत असते. २०२२ च्या एप्रिल महिन्यात वरच्या आसामात रानअळंबी खाऊन तेरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चहामळ्यांतील मजूर कुटुंबे बरीच होती. तीही काही अडाणीपणाने खात नव्हती. वर्षानुवर्षे खात आली होती. एकच टोपली चुकली.

तेव्हा प्रश्न दोन आहेत आणि त्यांचा क्रम मोडता कामा नये. पहिला, ही कोणती आहे? दुसरा, ही ताजी आहे काय? अळीला विचारावयाचा तो दुसरा.

पहिल्याचे उत्तर पुष्कळदा मातीखाली असते. वाळवी वारुळात सुक्या पानांचा आणि लाकडाचा भुगा करून त्यावर बुरशीची बाग राखते. त्या बुरशीचीच छत्री पावसाळ्यात माती भेदून वर येते. म्हणून वारुळावरच्या मोठ्या अळंबीचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल वाळवीच्या बागेपर्यंत गेलेला असतो. १९४२ साली रोजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने या कुळाला वाळवीवरूनच टर्मिटोमायसीस हे नाव दिले. तेलुगू माणसाने ते आधीच दिले होते. ही अळंबी वरच्यावर खुडू नये. कुदळीने माती सैल करून मुळासकट काढावी. बुडाशी मातीत वाटीसारखे आवरण दिसले, देठावर कडे असले आणि खालच्या पट्ट्या पांढऱ्या असल्या, तर तिला हात लावू नये. आणि एवढे करूनही, जी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओळखून खाल्ली जाते तीच घ्यावी. पुस्तक वाचून नवी जात खाऊ नये. हा लेख वाचून तर मुळीच नाही.

ओळख पक्की झाल्यावर मग अळ्यांचा विचार. त्याची रीत सौ.ची आहे, मी केवळ लेखनिक.

अळंबी शक्य तो पहाटे, न उमललेली किंवा अर्धी उमललेली घ्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये. तीत ती घामेजते आणि घरी पोहोचेपर्यंत सडू लागते. टोपली किंवा सुती पिशवी बरी. रानातच देठ आडवा कापून पाहावा : छेद घट्ट आणि पांढरा असेल तर ठेवावी, एक-दोन भोके असतील तर भोके संपेपर्यंत देठ वर वर कापीत जावा, चाळण झाली असेल तर तेथेच टाकावी. घरी आल्यावर प्रत्येक देठ विळीवर उभा चिरावा. नंतर लिटरभर पाण्यात पोहे खाण्याचा एक मोठा चमचा मीठ विरघळवून तुकडे पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावे. अळ्या बाहेर पडून तळाशी बसतात. अधिक वेळ ठेवू नये. अळंबी पाणी पिऊन बेचव होते. मग दोन पाण्यांतून काढून, पिळून, हळद-लसूण-तिखटावर पाणी आटेपर्यंत पूर्ण शिजवावी. कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नये.

एखादी अळी नजरेतून निसटून शिजली, तर तिने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो सडलेल्या अळंबीने. ज्यांना जीवहत्येचे वावडे आहे, त्यांनी छत्र्या पट्ट्या खाली करून पांढऱ्या कागदावर सावलीत ठेवाव्या. पुष्कळ अळ्या आपण होऊन उतरतात. याच कागदाचा दुसराही उपयोग आहे. एक छत्री रात्रभर तशीच झाकून ठेवली, तर सकाळी कागदावर बीजाणूंची रांगोळी उमटते. वारुळाच्या अळंबीची ती फिकट गुलाबी असते. हिरवट उमटली, तर सारी टोपली उकिरड्यावर टाकावी.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. आमचा मुलूख कापसाचा. कापसाच्या शेताच्या बांधावरची अळंबी कधी कधी अगदी निर्मळ, एकही अळी नसलेली मिळते आणि गृहिणीला आनंद होतो. त्या बांधावर फवारणी झाली असेल, तर माशी तेथे आलीच नसेल. अळीचे नसणेही साक्ष देते, हे विसरू नये.

आणि खाल्ल्यावर कोणाला काही झालेच, तर वाट पाहू नये, घरगुती उपायांत वेळ घालवू नये. उरलेली भाजी, सालपटे, असेल ती कच्ची अळंबी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा, आणि रोग्याला बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरी आणू नये.

फळ्यावरचे ते वाक्य मी त्याच आठवड्यात पुसले आणि मुलांना सारी हकिकत सांगितली. मुख्याध्यापक झाल्यापासून दर जुलैत प्रार्थनेनंतर ती पुन्हा सांगतो. मोठ्या मुलांना हसू येते, तरी ती ऐकतात. परवा सहावीतला एक मुलगा हातात माखलेली अळंबी घेऊन कार्यालयाच्या दारात उभा राहिला. वीतभर मूळ खाली लोंबत होते. “गुरुजी, पूर्ण खणून काढली,” तो म्हणाला. मी ती घरी नेऊन सौ.पुढे ठेवली. तिने मूळ पाहिले, देठ चिरला, आणि काही न बोलता मिठाचे पाणी करावयास उठली.