विंडोज म्हणतं ‘फॉरमॅट करा’, तुम्ही म्हणा ‘थांबा’: लिनक्सची डिस्क विंडोजवर कशी वाचायची



कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकायचं मनात असेल, किंवा टाकून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. या आठवड्याच्या व्हिडिओत मी डिस्क जोडून सगळं प्रत्यक्ष दाखवलंय. इथे मात्र व्हिडिओत घाईत सांगितलेल्या गोष्टी निवांत लिहितोय, म्हणजे तुम्हाला दुकानात बसून पुन्हा वाचता येतील.

गिऱ्हाईक एक हार्ड डिस्क घेऊन येतं. तुम्ही ती केबलने विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडता. लगेच स्क्रीनवर पाटी येते, ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’. खाली दोन बटणं. गिऱ्हाईक समोर उभं, चेहरा पडलेला. “भाऊ, मना डाटा गया का?”

बहुतेक वेळा डाटा कुठेच गेलेला नसतो. डिस्क ठणठणीत असते. ती फक्त लिनक्समध्ये फॉरमॅट केलेली असते आणि विंडोजला ती भाषा वाचता येत नाही. धोका डिस्कमध्ये नाही, त्या फॉरमॅटच्या बटणात आहे. ते बटण दाबलं की तासाभराचं साधं काम रिकव्हरीचं होऊन बसतं. तेव्हा खर्च वाढतो आणि खात्री कोणीच देत नाही.

विंडोजला ही डिस्क का कळत नाही?

हार्ड डिस्क म्हणजे मोठं गोदाम समजा. कोणता माल कोणत्या रॅकवर आहे, याची एक वही असते. या वहीच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजची वही एनटीएफएस पद्धतीची, ती १९९३ पासून चालत आली. पेन ड्राइव्हवर फॅट-३२ किंवा एक्सफॅट असते. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ईएक्सटी-४ असते. ती २००८ पासून लिनक्समध्ये पक्की झाली, त्याआधी ईएक्सटी-२ आणि ईएक्सटी-३ होत्या. काही ठिकाणी एक्सएफएस किंवा बीटीआरएफएसही भेटते.

लिनक्सला विंडोजची वही वाचता येते, लिहिताही येते. विंडोजला मात्र लिनक्सची वही मुळातून येत नाही. वही कळली नाही की विंडोज सरळ म्हणतं, नवी वही घाला, म्हणजेच फॉरमॅट करा. जुना माल आहे की नाही, हे ते तुम्हाला विचारत बसत नाही.

अशा डिस्क आपल्याकडे येतात कुठून?

‘जळगाव-धुळ्यात लिनक्स कोण वापरतं?’ असं वाटत असेल तर जरा आजूबाजूला बघा.

पहिलं, जुने कॉम्प्युटर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. बरेच जुने कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. चांगला चालणारा कॉम्प्युटर भंगारात कशाला द्यायचा, म्हणून काहींनी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं. हे प्रमाण वाढेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरं, स्वस्तात घेतलेले लॅपटॉप. विंडोजचे पैसे वाचवायला उबुंटू असलेला लॅपटॉप अनेक विद्यार्थी घेतात. तो बंद पडला की आत प्रोजेक्ट अडकतो.

तिसरं, नेटवर्कवरचं स्टोरेज, म्हणजे नॅस. फोटो स्टुडिओ, सीए ऑफिस, मोठी दुकानं ते वापरतात. ऐन लग्नसराईत नॅसचा डबा बंद पडला तर आत पन्नास घरांची लग्नं असतात. सिनोलॉजी, क्यूनॅपसारखे डबे आतून लिनक्सवरच चालतात.

चौथं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. सराफ बाजारापासून दाणा बाजारापर्यंत कॅमेरा सगळीकडे आहे. पण या डिस्कचा प्रकार वेगळा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

हात लावण्याआधीची चार कामं

१. पाटी आली की ‘कॅन्सल’. पाटी तीन रूपांत येते. कधी ‘फॉरमॅट करा’, कधी डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर ‘इनिशियलाइज करा’, तर कधी पाटीच येत नाही आणि ‘धिस पीसी’त डिस्क दिसतच नाही. तिन्ही वेळा उत्तर एकच, काही दाबायचं नाही. विंडोजचं ‘चेक डिस्क’ही चालवायचं नाही.

२. डिस्कचा आवाज ऐका. टक-टक किंवा खरखर येत असेल तर लगेच काढा. तो बिघाड यंत्राचा आहे, सॉफ्टवेअरने सुटत नाही. ती पुण्या-मुंबईच्या लॅबचं काम आहे आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

३. तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क ‘गुड’ आहे, ‘कॉशन’ आहे की ‘बॅड’, ते दाखवतं. ‘कॉशन’ असेल तर फाइली उघडून बघत बसू नका. आधी महत्त्वाचं फोल्डर कॉपी करा.

४. माल ठेवायला दुसरी डिस्क तयार ठेवा. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावी. फॅट-३२ पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ ४ जीबीत मावत नाही.

वाचायचे तीन रस्ते

रस्ता पहिला: लिनक्स रीडर. डिस्कइंटर्नल्स कंपनीचं हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. ते उघडलं की लिनक्सची पार्टिशन्स वेगळी दिसतात. त्यातून फोल्डर निवडायचं आणि आपल्या डिस्कवर सेव्ह करायचं. याचा मोठा गुण म्हणजे ते फक्त वाचतं, मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. म्हणजे तुमच्या हातून चुकून काही पुसलं जात नाही. नवीन माणसाने इथून सुरुवात करावी.

विंडोजमध्ये लिनक्सची डिस्क साध्या ड्राइव्हसारखी दाखवणारे ड्रायव्हरही मिळतात. ईएक्सटी-२-एफएसडी हे त्यातलं जुनं नाव. त्यातून लिहिताही येतं, आणि माझ्या मते तोच त्याचा धोका आहे. गिऱ्हाइकाच्या डिस्कवर जुन्या ड्रायव्हरने लिहायचं नाही, हा नियम करून टाका.

रस्ता दुसरा: डब्ल्यूएसएल. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच लिनक्स आत चालवायची सोय दिली आहे. तिच्यातून अख्खी डिस्क लिनक्सकडे सोपवता येते. मग फाइल एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला ‘लिनक्स’ दिसतं आणि त्यातून फाइली घेता येतात. कमांड व्हिडिओत मोठ्या अक्षरात दाखवली आहे, ती बघून टाइप करा. तीन गोष्टी लक्षात ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवायची. ज्या डिस्कवर विंडोज स्वतः आहे ती अशी देता येत नाही, त्यामुळे एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हा रस्ता बंद. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डलाही ही पद्धत चालत नाही. आणि जोडताना ‘रीड ओन्ली’ पर्याय टाकायला विसरू नका, नाहीतर डिस्कवर लिहिण्याची मुभा उघडी राहते.

रस्ता तिसरा: लाइव्ह पेन ड्राइव्ह. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस किंवा व्हेंटॉय वापरून उबुंटू किंवा मिंट टाका. कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि ‘ट्राय’ निवडा. ‘इन्स्टॉल’ला हात लावायचा नाही. आता समोर खरं लिनक्स आहे. त्याला स्वतःची वही वाचता येते, आणि तुमची विंडोजची डिस्कही दिसते. इकडून उचला, तिकडे ठेवा. पहिले दोन रस्ते अडले तरी हा बहुतेक वेळा चालतो. फक्त हे काम दुकानातल्या तुमच्या कॉम्प्युटरवर करा. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपची बूट सेटिंग बदलली तर पुढच्या वेळी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती की बऱ्याच जणांना माहीतच नसते.

कॉपी करताना अजून एक खाच आहे. लिनक्समध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम असली चिन्हं चालतात, विंडोजमध्ये चालत नाहीत. तसंच एकाच नावाच्या, पण एक मोठ्या अक्षरात आणि एक छोट्या अक्षरात अशा दोन फाइली लिनक्समध्ये शेजारी राहू शकतात. विंडोजमध्ये कॉपी करताना त्यातली एक दुसरीवर चढते. म्हणून शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण साइझ जुळवून बघा. जुळलं तरच काम झालं.

कुठे ‘नाही’ म्हणायचं

डीव्हीआर. मशीन आतून लिनक्सवर चालत असलं तरी हिकव्हिजन, दहुआसारख्या कंपन्या डिस्कवर स्वतःची वेगळी पद्धत वापरतात. वरचे तिन्ही रस्ते तिथे बहुतेक वेळा चालत नाहीत. मशीन चालू असेल तर पेन ड्राइव्ह लावून त्याच्याच मेनूतून बॅकअप घ्या. प्रकरण चोरीचं किंवा पोलिसांचं असेल तर डिस्क काढूच नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. तुमच्या हातून त्यात फेरफार झाला असं कोणी म्हटलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

नॅसमधल्या दोन-चार डिस्क. त्या अनेकदा रेडमध्ये एकमेकींना जोडलेल्या असतात. एक काढून वाचायला गेलात तर अर्धंच दिसेल, किंवा काहीच नाही. काढताना प्रत्येकीवर नंबर टाका. सराव नसेल तर जाणकाराकडे पाठवा.

पासवर्डने एन्क्रिप्ट केलेली डिस्क. लिनक्स टाकताना काही जण हा पर्याय निवडतात. पासवर्ड नाही तर डाटा नाही. इथे जादू चालत नाही, गिऱ्हाइकाला खोटी आशा लावू नका.

याचा धंदा कसा करायचा?

बीबीएच्या पुस्तकात याला ‘निश’ म्हणतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर विंडोज टाकून देणारे किती आहेत ते मोजा. मग ‘लिनक्सची डिस्क वाचून मिळेल’ अशी पाटी कुठे दिसते का, ते शोधा. दुसरी पाटी नसेल तर ती जागा तुमची.

भांडवल कमी लागतं. एक चालू कॉम्प्युटर, सॅटा टू यूएसबी ३.० केबल किंवा डॉक, दोन पेन ड्राइव्ह आणि माल ठेवायला एक मोठी डिस्क. सॉफ्टवेअर जवळपास सगळं मोफत.

दर लावताना वेळ मोजा. ५०० जीबी डाटा सेकंदाला १०० एमबी वेगाने साधारण ८५ मिनिटांत उतरतो. जुन्या यूएसबी २.० वर वेग ३० एमबीपर्यंत येतो, मग तेच काम साडेचार तासांच्या पुढे जातं. बारीक फोटो हजारोंनी असतील तर अजून वेळ. म्हणून दर दोन भागांत ठेवा: तपासणीचे थोडे पैसे आधी, आणि कॉपीचे पैसे डाटा हातात दिल्यावर. डाटा निघाला नाही तर फक्त तपासणीचे. गिऱ्हाइकाला हे पटतं, आणि तुमचीही मेहनत फुकट जात नाही.

डिस्क ताब्यात घेताना एका कागदावर लिहा: कंपनी, साइझ, सिरियल नंबर, आली तेव्हाची अवस्था, आवाज होता का, आधी कोणी फॉरमॅट दाबलं होतं का. खाली गिऱ्हाइकाची सही. काम झाल्यावर सात दिवसांनी तुमच्याकडची कॉपी पुसाल, हेही त्यातच लिहा, आणि सातव्या दिवशी खरंच पुसा. लोकांचे घरचे फोटो आणि हिशेब तुमच्या कॉम्प्युटरवर असतात. आपल्याकडचा बाजार तोंडी चालतो. ‘त्याच्याकडे दिलेलं बाहेर जात नाही’ ही एक गोष्ट पसरली की जाहिरातीची गरज कमी होते, आणि उलटी गोष्ट पसरायलाही तेवढाच वेळ लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

गिऱ्हाइकाच्या डिस्कवर शिकायचं नाही. एक जुना पेन ड्राइव्ह घ्या, लाइव्ह लिनक्समध्ये तो ईएक्सटी-४ मध्ये फॉरमॅट करा, आणि त्यात थोडे फोटो, एक मोठा व्हिडिओ, मराठी नावाचं एक फोल्डर टाका. मग विंडोजला जोडा. पाटी आली तर कॅन्सल करा, आणि लिनक्स रीडरने सगळं परत काढून फाइली मोजा. असं पाच वेळा करा. हात बसला की मग पाटी लावा.

लिनक्स अजिबात येत नसेल तरी घाबरू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत आणि मोफत आहेत. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात दुकानापुरतं नक्की येईल.

पुढच्या भागात डिस्क ताब्यात घेतानाचा तो कागद ओळीओळीने कसा तयार करायचा, ते बघू. तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि फॉरमॅटच्या बटणापासून लांब राहा!